कोमोद म्हणजे कमोड नव्हे! (जुनं फ्रेंच फर्निचरचं पुस्तक सापडलंय, जाणकारांनी मदत करा)

रानजाई

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही पॅरिसबाहेर एका उपनगरात राहतो. इथे उन्हाळ्यात रविवारी गल्लोगल्ली 'वीद-ग्रनिए' भरतात, शब्दशः माळा रिकामा करणे, लोक घरातलं नको झालेलं सगळं फुटपाथवर चादर अंथरून मांडतात, फुटक्या किटलीपासून आजीच्या फरकोटापर्यंत. मी गेले होते लेकीसाठी सायकल बघायला आणि आले हे धूड घेऊन. नवरा अजून बोलत नाहीये कारण घरात आधीच जागा नाही.

तर पुस्तक असंय. भलंमोठं, घरच्या काट्यावर साडेतीन किलोच्या वर भरलं. पाठीवर लाल चामडं आणि सोनेरी अक्षरं, पुढचा पुठ्ठा निखळून वेगळाच झालाय. आत पानापानावर खुर्च्या, पलंग, पडदे, टेबलं, कपाटं यांची बारीक रेघांची चित्रं, मधेमधे पूर्ण पानाची जाड कागदावरची चित्रं, काही रंगीत. गंमत म्हणजे पानांना नंबर नाहीत, प्रत्येक पानावर दोन कॉलम आणि नंबर कॉलमला दिलेत. शीर्षकाचा अर्थ ढोबळमानाने 'तेराव्या शतकापासून आजपर्यंतच्या फर्निचर आणि सजावटीचा कोश', लेखक आँरी आव्हार, खंड पहिला, ए ते सी. बारा युरो दिले. विकणारे आजोबा ऐंशीच्या पुढचे असतील, आधी वीस म्हणाले, मग माझ्याकडे आणि मग पुठ्ठ्याकडे बघून स्वतःच खाली आले.

संध्याकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला, आईंना (सासूबाई) हौसेने पुस्तक दाखवलं, नेमकं उघडलं ते कोमोद असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं पान. लेकीने ते इंग्रजी पद्धतीने खणखणीत वाचलं. आई म्हणाल्या, अगं संडासाचं पुस्तक बारा युरोला आणलंस?

आता प्रश्न :
हे कितपत जुनं आहे आणि काही मोल आहे का? चामड्याची लाल भुकटी हाताला लागते त्याचं काय करू? आणि काही चित्रांच्या शेजारी कुणीतरी पेन्सिलीने बारीक आकडे लिहून ठेवलेत, ते खोडरबरने निघतील का? इथल्या एका फ्रेम करणाऱ्या दुकानदाराला फोटो दाखवला तर तो म्हणाला बांधणी गेलीच आहे, मोठी चित्रं कापून द्या, एकेक फ्रेम करून छान दिसतील, उरलेलं रद्दीत. नवऱ्याला ही कल्पना फारच आवडलीय.

चिंगी

आईंना साष्टांग नमस्कार सांग 😂😂 हसून हसून पुरेवाट झाली. पण खरंच, कमोडचं चित्र आहे का आत?

रानजाई

आहे की, पण ते खणांचं, म्हणजे ड्रॉवरवालं, बुटकं कपाट निघालं. वर संगमरवर, पोट फुगलेलं, पितळी कड्या.

खडूस_काका

पहिली गोष्ट, खोडरबर हातातून खाली ठेव.

दुसरी, कापाकापी अजिबात नाही. त्या दुकानदाराचा धंदा चित्रं फ्रेम करायचा आहे, तो दुसरं काय सांगणार.

आता पुस्तकाबद्दल. आव्हारचा हा कोश चार खंडांचा आहे, पॅरिसच्या काँताँ प्रकाशनाने १८८७ ते १८९० च्या दरम्यान काढला. पहिला ए ते सी, दुसरा डी ते एच, तिसरा आय ते ओ, चौथा पी ते झेड. त्याच्या आधी व्हियोले-ल-द्यूकने (तोच, ज्याने नोत्र-दामची डागडुजी केली) सहा खंडांचा फर्निचर कोश काढला होता १८५८ पासून, पण त्याचा जीव मध्ययुगात अडकलेला. आव्हारने थेट आपल्या काळापर्यंत आणलं. माणूसही मजेशीर, १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या (पॅरिसकरांचं सरकारविरुद्धचं बंड) भानगडीत सापडला, देश सोडून पळाला, हॉलंडमध्ये राहिला, तिथली ओस पडलेली बंदरं फिरून त्यावर लिहिलं आणि पुढे परत येऊन सरकारचाच कला-निरीक्षक झाला. त्याची पद्धत मला आवडते. हा बुवा शब्दाचा अर्थ सांगून थांबत नाही, जुन्या वारशाच्या याद्या, राजवाड्याचे हिशोब, मेलेल्या माणसाच्या घरातल्या सामानाच्या पंचनाम्यासारख्या नोंदी उतरवून काढतो, म्हणजे अमुक सालच्या अमुक घरात ही वस्तू कुठल्या खोलीत होती, तिच्यावर कुठलं कापड होतं, असं.

एकटा खंड म्हणजे बाजारात त्याला अनाथच म्हणतात, त्यामुळे पैशाची फार स्वप्नं नको. चारही खंड स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहेत, गॅलिकावर म्हणजे तुमच्या तिकडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साईटवर बघ. पण वाचायला हातातलंच बरं.

पिंट्याची_आई

चामड्याला थोडं खोबरेल तेल चोळून बघा, माझ्या सासऱ्यांची ज्ञानेश्वरी तशीच टिकवली आम्ही. आणि पानांत डांबरगोळ्या ठेवा. फाटलेल्या पानांना लॅमिनेशन करून घेतलं तर कायमची कटकट मिटेल.

खडूस_काका

ताई, राग मानू नका पण यातलं एकही करू नका.

ती लाल भुकटी म्हणजे चामडं आतून कुजतंय. एकोणिसाव्या शतकातलं कमावलेलं चामडं आणि कोळशाच्या धुराची गंधकी हवा, दोन्ही मिळून ते पोखरतं. तेल लावलं की ते कागदात उतरतं आणि डाग पडतात. डांबरगोळ्यांचा वास पुस्तकातून वर्षानुवर्षं जात नाही. लॅमिनेशनबद्दल तर बोलूच नये, ते परत सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, दहा वर्षांनी पिवळा पडून कागदासकट निघतो. निखळलेला पुठ्ठा जागेवर ठेवून सुती नाडीने बांधायचं, पुस्तक आडवं ठेवायचं, उन्हात नाही, हीटरजवळ नाही, एवढंच. जमलं तर मापाचा खोका करून घे.

पिंट्याची_आई

बरं. आमची ज्ञानेश्वरी मात्र छान आहे हो 🙂

मध्यरात्रीचा_चहा

मी तुलुजला असतो, कमोडचा तिढा सोडवतो.

फ्रेंचमध्ये कोमोद म्हणजे मुळात सोयीचं. सतराव्या शतकापर्यंत कपडे मोठ्या पेटाऱ्यात ठेवायचे, तळाचं काही हवं तर सगळं उपसा. मग अठरावं शतक उजाडताना हे खणवालं प्रकरण आलं, कुठलाही खण ओढा आणि काढा, किती सोयीचं, म्हणून नावच पडलं सोयीचं. इंग्रजांनी शब्द उचलला, त्यांच्याकडे रात्रीचं भांडं लपवायच्या छोट्या कपाटाला हे नाव चिकटलं, मग भोक असलेल्या खुर्चीला, आणि तिथून आगबोटीने मुंबईला येईपर्यंत खण गळून गेले आणि नुसतं भांडं उरलं.

आईंना सांगा की त्या पूर्ण चूक नाहीत. खऱ्या संडासाच्या खुर्चीला फ्रेंचमध्ये शेझ पेर्से म्हणायचे, भोकाची खुर्ची, आणि दरबारी भाषेत 'कामकाजाची खुर्ची'. फ्रान्सचा राजा चौदावा लुई त्यावर बसून लोकांना भेटायचा आणि त्या वेळी आत जायचा परवाना मिळणं हा मान होता, लोक त्यासाठी धडपडायचे. शेझ सी मध्येच येते त्यामुळे तुझ्याच खंडात असेल, बघ.

चिंगी

कामकाजाची खुर्ची 😂 आमच्या ऑफिसात पण काहींची तीच आहे.

बोळकं

शब्दांचा विषय निघालाय तर माझीही भर. मी फ्रेंच शिकत होते तेव्हा सगळ्यात आवडलेली जोडी म्हणजे मब्ल आणि इमब्ल. मब्ल म्हणजे फर्निचर, पण मूळ अर्थ हलवता येणारं. इमब्ल म्हणजे इमारत, न हलणारी. हे वाचलं आणि मला एकदम सातबारा आठवला, स्थावर आणि जंगम! आपण फर्निचरला कधी जंगम म्हटलं नाही एवढंच. आणि मध्ययुगात ते खरंच जंगम होतं, राजे-सरदार एका गढीतून दुसरीत जाताना पेटारे, गालिचे, भिंतीवरचे विणलेले पडदे, घडीचे पलंग सगळं गाड्यांवर लादून न्यायचे, मागे नुसत्या भिंती.

कानापे बघा. म्हणजे सोफा. मूळ ग्रीक शब्द डासावरून आलाय, मच्छरदाणी लावलेला पलंग. मच्छरदाणी गेली, पलंग राहिला, आणि मग पावाच्या तुकड्यावर काहीतरी बसवलं तर ते पण सोफ्यावर बसल्यासारखं दिसतं म्हणून कॉकटेल पार्टीतलं कानापे.

आणि दिवाण. फारसी दिवाण म्हणजे दफ्तर, कचेरी. मग कचेरीत बसायची गादी, मग फ्रान्सला जाऊन उशांची बैठक. आपल्याकडे एकाच शब्दाचे दिवाणखाना, दिवाणी दावा आणि हॉलमधला बॉक्सवाला दिवाण असे तिन्ही गुण्यागोविंदाने नांदतायत.

बुद्वार तुझ्या खंडात असणारच. बायकांची खासगी छोटी खोली. बुदे म्हणजे गाल फुगवून रुसणे. म्हणजे रुसून बसायची खोली. कैकेयीचं कोपभवन!!

रानजाई

बोळकं कोपभवन 😍 मला पण एक हवंय, हे पुस्तक आणल्यापासून नवरा ते वापरेल.

सुताराचा_नातू

धागा उशिरा बघितला. आमचं तीन पिढ्यांचं सुतारकाम, आजोबा रंधा-पटाशीवाले, वडील सागवानाचे पलंग आणि देव्हारे, मी प्लायवूड आणि सनमायका (हसू नका, पोट त्यावरच आहे). पण जुन्या फ्रेंच कामाचा मला नाद आहे, व्हिडिओ बघून बघून.

तिकडे दोन वेगळ्या जाती होत्या सुतारांच्या. मनुइझिए म्हणजे भरीव लाकडाचं काम करणारा, खुर्च्या, पलंग, दारं. एबेनिस्त म्हणजे वरून महागड्या लाकडाचा पातळ थर चढवणारा, कपाटं, टेबलं, कोमोद. एबेनिस्त हे नाव एबोनीवरून, काळं लाकूड. आत साधं ओक किंवा पाईन आणि वर ब्राझीलचं, दक्षिण अमेरिकेचं जांभळं, गुलाबी लाकूड. म्हणजे विनीरच की! लोक मला म्हणतात तुझं विनीर नकली, भरीव पाहिजे, मी सांगतो राजाच्या टेबलाला पण विनीरच होतं. फरक एवढाच की त्यांचा थर हाताने करवतून काढलेला, दोन-तीन मिलिमीटरचा तरी असायचा, आमचा मशीनने सोललेला, अर्धा मिलिमीटर सुद्धा नाही, जरा घासलं की खालचं पोट दिसतं.

आणि आज तपकिरी दिसतं ते तेव्हा तसं नव्हतं. लाकडाचे तुकडे रंगवून हिरवी पानं, पिवळी फुलं, निळी रिबीन अशी नक्षी बसवायचे, भडक, आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी म्हटली तरी चालेल. उन्हाने सगळं उडालं. खणाच्या आत किंवा झाकणाखाली जिथे ऊन गेलं नाही तिथे अजून रंग दिसतो.

बूल नावाचा कारागीर होता, १६४२ ते १७३२, लूव्र राजवाड्यातच त्याला जागा दिलेली. कासवाच्या कवचाचा पत्रा आणि पितळेचा पत्रा एकावर एक ठेवून बारीक करवतीने एकदम नक्षी कापायची. मग दोन जोड मिळतात, एकात कवचाच्या जमिनीवर पितळेची वेल, दुसऱ्यात पितळेच्या जमिनीवर कवचाची वेल. काही वाया नाही. पहिल्याचं नाव पहिला भाग आणि दुसऱ्याचं उलटा भाग, दोन्हीची दोन कपाटं करून जोडी म्हणून विकायची. याला म्हणतात धंदा.

पितळेच्या सोनेरी कड्या दिसतात ना, त्यावर सोनं चढवायला सोनं पाऱ्यात कालवून लावायचे आणि तापवायचे, पारा उडून जायचा, सोनं राहायचं, आणि पाऱ्याची वाफ कारागिराच्या छातीत. फार जगायचे नाहीत ते लोक. राजवाड्याच्या गाईडला हे विचारलं तर बहुतेक घाईत पुढच्या खोलीत नेईल.

बरं मुद्दा. ते पेन्सिलीचे आकडे फोटो काढून टाका ना. मला वाटतंय काय ते कळेल.

मूळव्याध_नको

(आयडीवर जाऊ नका.) सगळे एवढे भारावलेत म्हणून विचारतो, हे कौतुक कशाचं? लोक उपाशी आणि राजा फुगीर पोटाच्या कपाटात मोजे ठेवतोय. महोगनी कुठून आली, कॅरिबियन बेटांवरून, तोडली कुणी, गुलामांनी. मग क्रांती झाली तेच बरं झालं.

खडूस_काका

बरं झालं की नाही यावर वेगळा धागा काढ, पण सामानाचं काय झालं ते ऐक. राजाचं, म्हणजे सोळाव्या लुईचं, मुंडकं २१ जानेवारी १७९३ ला उडालं. त्याच्या व्हर्साय राजवाड्यातल्या सामानाचा लिलाव २५ ऑगस्ट १७९३ ला सुरू झाला तो ११ ऑगस्ट १७९४ पर्यंत चालला. १७,१८२ नग. राणीला १६ ऑक्टोबरला गिलोटिनवर नेलं तेव्हा तिच्या वाड्यातल्या खुर्च्यांवर बोली चालूच होती. बराचसा माल पुढे इंग्लंडात गेला, लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आज जे आहे ते बघून फ्रेंच लोकांच्या पोटात दुखतं.

आणि राजे लोक स्वतः पण काही जपून ठेवत नव्हते. चौदाव्या लुईकडे भरीव चांदीचं फर्निचर होतं, टेबलं, दिव्यांचे खांब, संत्र्याच्या झाडांच्या कुंड्या. १६८९ मध्ये युद्धाला पैसे कमी पडले तेव्हा सगळं टांकसाळीत वितळवलं, जवळजवळ २० टन चांदी. १६८९ म्हटलं की आपल्या मनात संभाजीराजांचं वर्ष येतं, त्याच वर्षी तिकडे हे.

महोगनीबद्दल तू म्हणतोस ते बरोबर आहे, ते नाकारत नाही.

मूळव्याध_नको

पटलं थोडं. २० टन वाचून गप्प झालो.

अनामिक_इंदुरी

इंदुरातून हजेरी. आमच्याकडे याची उलटी गोष्ट आहे. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या सुमाराला माणिकबाग राजवाडा बांधायला एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टला दिला आणि आतलं सामान बरंचसं पॅरिसच्या त्या वेळच्या अगदी नव्या लोकांकडून, रुलमानचं, आयलीन ग्रेची खुर्ची, ल कोर्बुझिए आणि शार्लोत पेरियांची लोळायची खुर्ची, धातू आणि काचेचे पलंग. बाकीचे संस्थानिक तेव्हा लुईछाप सोनेरी खुर्च्या मागवत होते आणि हे वीस-बावीस वर्षांचे राजे स्टीलच्या नळ्या! १९८० मध्ये मोनॅकोला लिलाव होऊन ते जगभर पांगलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या म्युझियमने यावर प्रदर्शन भरवलं होतं, रानजाई तू तेव्हा तिथे होतीस का? राजवाड्यात आता केंद्रीय कर खात्याचं ऑफिस आहे. खुर्च्या कुठल्या आहेत विचारू नका.

रानजाई

२०१९ ला आम्ही अजून हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये होतो 😭

हे घ्या पेन्सिलीचे आकडे. फोटो नीट येत नाहीये म्हणून टाईप करते. बेर्जेर नावाच्या गुबगुबीत बंद हातांच्या खुर्चीशेजारी : ३८, खाली ६६, खाली ५८, मग 'क्रँ ३ के', मग एक रेघ आणि '२ मे ४०'. एका कानापेशेजारी पण तसंच, आकडे मोठे. कोमोदच्या चित्राशेजारी काही नाही. टेबलांशेजारी काही नाही. मी आधी लक्ष दिलं नव्हतं, पण फक्त बसायच्या वस्तूंशेजारीच आहे. मला वाटलेलं २ मे ही तारीख आहे, सन १९४० ची. लेक म्हणाली जर्मन आले त्याच महिन्यात! आम्ही दोघी रात्री बारापर्यंत युद्धाच्या गोष्टी रचत होतो.

मध्यरात्रीचा_चहा

क्रँ म्हणजे घोड्याच्या आयाळीचे-शेपटीचे केस. खुर्चीत भरतात.

सुताराचा_नातू

बास, मग कळलं!!! तारीख वगैरे काही नाही. ३८ बैठकीची उंची, ६६ रुंदी, ५८ खोली, सगळं सेंटीमीटर. क्रँ ३ के म्हणजे घोड्याचे केस तीन किलो. आणि २ मे ४० म्हणजे दोन मीटर चाळीस, कापड. हे पुस्तक सुताराचं नाही, गादीवाल्याचं आहे. त्यांच्याकडे खुर्चीचा सांगाडा एक जण करणार, कोरीव काम दुसरा, रंग-सोनं तिसरा आणि शेवटी गादी-कापड चढवणारा. एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही असे नियम होते त्यांच्या मंडळाचे.

आमच्या गल्लीत पिंजारी यायचा लहानपणी, धनुकलीचा तो टंग टंग आवाज, आजी आधी विचारायची किती शेर कापूस खाईल रे गादी. हा पण तसाच हिशोब, किती केस खाईल खुर्ची.

रानजाई प्लीज खोडू नकोस.

मध्यरात्रीचा_चहा

बरोबर. तापिसिए म्हणतात त्याला. अठराव्या शतकात तर तापिसिए हा नुसता गादीवाला नव्हता, पूर्ण खोलीचा ठेका तोच घ्यायचा, पडदे, पलंगाचं छत, भिंतीचं कापड. उन्हाळी आणि हिवाळी कव्हरं वेगळी. एका खोलीचं कापड हे लाकडापेक्षा कितीतरी महाग असायचं.

अवांतर : कापडावरून आठवलं, आपलं चिटाचं कापड तिकडे इतकं चाललं की रेशीमवाले-लोकरवाले ओरडायला लागले आणि १६८६ पासून १७५९ पर्यंत फ्रान्समध्ये छापील सुती कापडावर बंदी होती. नावच अँदिएन, म्हणजे हिंदुस्थानी. बंदी असूनही बड्या घरच्या बायका घरात वापरायच्याच. ते आय मध्ये, म्हणजे तिसऱ्या खंडात.

बोळकं

चिटाचा पडदा आणि व्हर्साय, काय जोडी आहे. आजीच्या फडताळाला होता.

चिंगी

मला एक विचारायचंय, पंधरावा लुई आणि सोळावा लुई कसं ओळखायचं? इथे पुण्यात एका लॉनवर लग्नात नवरा-नवरीची सिंहासनं असतात ती कुठल्या लुईची?

सुताराचा_नातू

ती फायबरच्या लुईची.

सोपं सांगतो, पाय बघा. पंधरावा, पाय वाकडे, हरणासारखे, सरळ रेघ औषधाला नाही, नक्षीत डावी-उजवी बाजू सुद्धा मुद्दाम वेगळी. सोळावा, पाय सरळ, खाली निमुळते, त्यावर उभ्या खाचा, देवळाच्या खांबासारखे. पण सोळावा लुई गादीवर आला १७७४ ला आणि त्याच्या नावाची फॅशन त्याआधीच सुरू झालेली, पाँपेई या गाडल्या गेलेल्या रोमन शहराच्या खोदकामामुळे जुन्या रोमचं वेड लागलं होतं. सीमारेषेवरचं उदाहरण हवं तर पंधराव्या लुईचं व्हर्सायमधलं लिहायचं टेबल, ओबेन नावाच्या कारागिराने १७६० ला सुरू केलं, तो १७६३ ला वारला, त्याच्या कारखान्यातल्या रीझनेरने १७६९ ला पुरं केलं आणि मालकाच्या विधवेशी लग्न पण. एका किल्लीने वरचं गोल झाकण आणि सगळे खण एकदम बंद होतात.

नेपोलियनचं ओळखायला पोरंसोरं पण चुकत नाहीत, स्फिंक्स, सिंहाचे पंजे, गरुड, लाल महोगनी.

आणि खरं-खोटं ओळखायला पुढून बघूच नका. खण बाहेर काढून मागची बाजू, तळ, आतले सांधे. हाताच्या रंध्याचे हलके चढउतार बोटाला लागतात. मशीनच्या गोल करवतीचे वळणदार ओरखडे दिसले की एकोणिसावं शतक किंवा नंतरचं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पॅरिसच्या मंडळातल्या कारागिराला आपल्या नावाचा शिक्का मारावा लागायचा, लपलेल्या जागी, खुर्चीच्या बैठकीखाली किंवा संगमरवराच्या खाली. अर्थात शिक्केही खोटे मारतात. २०१६ ला उघड झालं की व्हर्सायच्या राजवाड्यानेच राणीच्या म्हणून नकली खुर्च्या विकत घेतलेल्या, करणाऱ्यांना २०२५ ला शिक्षा झाली. त्यात एक कोरीव काम करणारा अगदी नामी कारागीर होता. पोलिसांचं ठीक आहे, पण मी त्याचे सांधे बघायला पैसे देईन.

रानजाई

मोठं अपडेट! तीन आठवडे गायब होते, क्षमस्व.

आधी शेजारच्या घरमालकीण बाई. त्यांच्याकडे फुगीर पोटाचा कोमोद आहे, 'पंधरावा लुई' म्हणून मिरवतात. मी नातूच्या सांगण्यावरून धीर करून विचारलं, खण काढून बघू? त्यांनी कौतुकाने काढू दिला. मागे चक्क प्लायवूड. मी गप्प. त्याच हसायला लागल्या, म्हणाल्या माझ्या लग्नात सासऱ्यांनी फोबूर सँ-आंत्वानमधून (पॅरिसमधली फर्निचरवाल्यांची जुनी वस्ती) घेतला, १९६१ ला, लुई वगैरे मी पाहुण्यांना सांगते.

मग काल परत वीद-ग्रनिए होतं आणि तेच आजोबा! मी फोनवर बेर्जेरच्या पानाचा फोटो दाखवला आणि विचारलं हे आकडे कुणाचे. त्यांनी चष्मा काढला, फोन अगदी नाकाशी धरला आणि म्हणाले, पेपे. म्हणजे त्यांचे आजोबा. तापिसिए होते!! त्याच फोबूरमध्ये एका गल्लीत आतल्या अंगणात कारखाना. गिऱ्हाईकाकडे जाताना हे धूड पोत्यात घालून पाठीवर न्यायचे, सोफ्यावर उघडायचे आणि विचारायचे, मादाम, असं हवं की असं? गिऱ्हाईकाने बोट ठेवलं की तिथेच उभ्या उभ्या मापं. म्हणून पुठ्ठा तुटलाय, वाचून नाही, वाहून. नातू, तीन किलो केस पण बरोबर निघाले, आजोबा म्हणाले लहानपणी ते केस पिंजायचं काम मुलांचं, शिंका यायच्या.

मी म्हटलं मग बाकीचे तीन खंड? तर म्हणे पेपे गेले तेव्हा चार मुलं होती, घर भाड्याचं, वाटण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून एकेकाला एक खंड. यांच्या वडिलांना पहिला. भांडण नको म्हणून वयाप्रमाणे, ए पासून.

बोळकं, जंगम मालमत्तेची वाटणी ग!

मी त्यांना पुस्तक परत देऊ केलं, खरंच. नको म्हणाले, माझ्या मुलाच्या घरी लिफ्ट नाही.

खडूस_काका

म्हणजे दुसरा, तिसरा, चौथा खंड कुठल्या तरी चुलत भावंडांकडे असतील.

रानजाई

एक चुलत बहीण नीसला, तिच्याकडे शेवटचा होता, अजून असावा असं म्हणाले. नंबर दिलाय. मधल्या दोन काकांकडचं त्यांना माहीत नाही, एक कॅनडाला गेले.

सुताराचा_नातू

फोत्य म्हणजे साधी हाताची खुर्ची, ती दुसऱ्या खंडात येणार. त्याच्या शेजारी सगळ्यात जास्त पेन्सिल असेल बघा. कॅनडावाले कोणी आहे का इथे?

पिंट्याची_आई

माझी बहीण टोरांटोला असते. विचारू का?

रानजाई

😂😂 विचारा!

चामड्याला काही लावलेलं नाही, काका. सुती नाडी मिळाली, नवऱ्याने स्वतः पुठ्ठ्याचा खोका केला, फ्रेमचं नाव काढत नाही. आणि काल रात्री सांगलीला सगळं सांगितलं, पेपे, पोतं, घोड्याचे केस, वाटणी. आईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बरं, मग त्या कमोडला खण किती?

चार खण आहेत. वरचे दोन अर्धे.